वर्ड उघडलं, पण मॅक्रो चालला नाही? या क्रमाने बघा

आमच्या सांगलीच्या दुकानात कोर्टाच्या कागदांचं टायपिंग चालतं. वर्ड उघडलं की मॅक्रोमुळे (मॅक्रो म्हणजे वर्डसाठी लिहून ठेवलेल्या आज्ञा, म्हणजेच कोड) समोर आपोआप एक छोटी यादी यायची: प्रतिज्ञापत्र, भाडेकरार, खरेदीखत, नोटीस. त्यातलं एक निवडलं की समास, ओळींमधलं अंतर, मुद्रांकाच्या छापील भागासाठी वर सोडायची जागा, सगळं तयार. पक्षकार बाकावर, वकीलसाहेबांचा फोन चालू, अशा वेळी ही यादी म्हणजे अर्धं काम.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी गावात शिरलं. सीपीयू माळ्यावर चढवले, त्यातला एक खालीच राहिला. त्यातल्या फायली पेन ड्राइव्हवर होत्या, म्हणून मी निर्धास्त होते. नवीन मशीन आलं, फायली आल्या, पण वर्ड उघडलं की कोरा कागद. यादी नाही. मी तीन दिवस तोच कोड वहीतून बघून पुन्हा पुन्हा टाइप केला. खरं तर कोड पहिल्या दिवशीच बरोबर लिहिला होता. तो ठेवायची जागा चुकत होती.

त्यानंतर अशा बऱ्याच तक्रारी हाताळल्या, आणि त्यातल्या बहुतेक दोनच ठिकाणी अडकलेल्या निघाल्या. एकतर मॅक्रो चुकीच्या फायलीत राहतो, नाहीतर वर्डचा त्या फायलीवर विश्वास नसतो. म्हणून कोडला हात लावण्याआधी खालच्या क्रमाने जा.

एक सूचना. या लेखात मॅक्रोंची, बटणांची, फायलींची आणि आज्ञांची नावं मी देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच करायची.

हाताशी काय असू द्या

- विंडोजवर बसवलेलं वर्ड, २००७ किंवा त्यानंतरचं. मोबाइलवरच्या आणि ब्राउझरमध्ये उघडणाऱ्या वर्डमध्ये हे मॅक्रो चालतच नाहीत, तिथे शोधाशोध करू नका.
- एक पेन ड्राइव्ह.
- मॅक्रोची मूळ फाइल असेल तर ती, नसेल तर कोडची छापील प्रत.
- कागद-पेन. काय बदललं ते लिहून ठेवायचं. एका वेळी एकच बदल.
- मशीन ऑफिसचं असेल तर ते सांभाळणाऱ्या माणसाची परवानगी. काही सेटिंग वरून बंद केलेली असतात, ती तुमच्याकडून उघडणार नाहीत.

१. आधी नॉर्मलची प्रत काढा

नॉर्मल ही वर्डची मूळ टेम्प्लेट, म्हणजे नवीन कोरा कागद ज्या साच्यावरून येतो ती फाइल. तिच्यात मॅक्रोही राहतात. वर्ड पूर्ण बंद करा. टास्क मॅनेजरमध्ये वर्ड मागे चालू राहिलेलं नाही ना, तेही बघा. आता विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. जी छोटी खिडकी उघडेल तिच्यात टक्के चिन्ह, ॲपडेटा, परत टक्के चिन्ह असं टाइप करून एंटर मारा. पुढे मायक्रोसॉफ्ट, मग टेम्प्लेट्स या फोल्डरमध्ये जा. तिथे नॉर्मल डॉट डॉटएम ही फाइल दिसेल. ती पेन ड्राइव्हवर घ्या.

या फायलीकडे कुणाचं लक्ष जात नाही, कारण ॲपडेटा हा फोल्डर विंडोज लपवून ठेवतं. आपण बॅकअप म्हणून डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स घेतो, आणि नेमके मॅक्रो मागे राहतात. पुराच्या वेळी माझं हेच झालं.

वर्ड बंद करायला सांगितलं त्यालाही कारण आहे. नॉर्मलमधले बदल वर्ड बऱ्याचदा बंद होताना साठवतं. वर्ड चालू असताना तुम्ही जुनी नॉर्मल तिथे आणून ठेवायला गेलात, तर वर्ड आपली प्रत तिच्यावर लिहू शकतं.

२. कोणता मॅक्रो, आणि तो कधी चालतो

आपोआप चालणाऱ्या मॅक्रोंची वर्डने पाच नावं ठरवून ठेवली आहेत. नाव तेच हवं, मधे जागा नको. अक्षर लहान-मोठं झालं तर चालतं.

- ऑटोएक्झेक: वर्ड सुरू होताना.
- ऑटोन्यू: टेम्प्लेटवरून नवीन कागद उघडताना.
- ऑटोओपन: आधीची फाइल उघडताना.
- ऑटोक्लोज: फाइल बंद करताना.
- ऑटोएक्झिट: वर्ड बंद करताना.

सगळ्यात जास्त घोळ ऑटोएक्झेकचा. वर्ड सुरू होताना हा मॅक्रो फक्त दोन ठिकाणांहून चालतो: नॉर्मल टेम्प्लेटमधून, किंवा वर्डच्या स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवलेल्या टेम्प्लेटमधून. साध्या फायलीत किंवा त्या फायलीला जोडलेल्या टेम्प्लेटमध्ये तो कितीही अचूक लिहिला तरी वर्ड त्याच्याकडे बघत नाही. माझे तीन दिवस इथेच गेले. मी तो प्रतिज्ञापत्राच्या फायलीत लिहीत होते.

ऑटोन्यूचीही एक खोच आहे. वर्ड उघडल्यावर जो पहिला कोरा कागद आपोआप येतो, त्याला ऑटोन्यू लागू होत नाही. तुम्ही स्वतः नवीन कागद उघडलात की मगच चालतो. लोक पहिल्या कोऱ्या कागदावर तपासतात आणि मॅक्रो बिघडला म्हणतात.

ऑटोओपन दोन ठिकाणी असेल तर जवळचा जिंकतो. फायलीत स्वतःचा ऑटोओपन असेल तर तोच चालतो, नॉर्मलमधला गप्प राहतो. म्हणून 'बाकी सगळ्या फायलींना चालतो, फक्त या एका फायलीला नाही' अशी तक्रार असेल तर त्या फायलीच्या आत डोकावा.

याच कामासाठी दुसरीही एक पद्धत आहे: डॉक्युमेंट_ओपन, डॉक्युमेंट_न्यू, डॉक्युमेंट_क्लोज. ही नावं मॅक्रो लिहायच्या खिडकीतल्या (ऑल्ट आणि एफ-११) 'धिस डॉक्युमेंट' या भागातच लिहावी लागतात, वेगळ्या मॉड्यूलमध्ये लिहिली तर आपोआप चालत नाहीत. एकाच कामासाठी दोन्ही पद्धती एका फायलीत ठेवू नका, काम दोनदा होतं.

३. हाताने चालवून बघा

ही पायरी चुकवू नका, पुढचा सगळा रस्ता इथून फुटतो. ऑल्ट आणि एफ-८ एकत्र दाबा. मॅक्रोंची यादी येईल. खाली 'मॅक्रोज इन' असं लिहिलेलं असतं, तिथे सगळी चालू टेम्प्लेट्स आणि डॉक्युमेंट्स हा पर्याय निवडा. आता तुमचा मॅक्रो शोधा आणि 'रन' दाबा.

नाव दिसलं आणि मॅक्रो नीट चालला, तर कोड ठीक आहे. नाव आणि जागा दुसऱ्या पायरीप्रमाणे आहेत का बघा; तेही बरोबर असेल आणि आपोआप चालतानाच एरर येत असेल, तर पायरी ६.
नाव दिसलं पण 'रन' दाबल्यावर मॅक्रो बंद आहेत असं वर्ड म्हणालं, तर अडचण विश्वासाची. पायरी ४.
नावच दिसलं नाही, तर फाइलच लोड झालेली नाही. पायरी ५.
नाव दिसलं पण चालवल्यावर दुसरी कुठली एरर आली, तर पायरी ६.

मॅक्रोच्या पहिल्या ओळीत 'प्रायव्हेट' लिहिलं असेल, किंवा नावापुढच्या कंसात काही भरलं असेल, तर तो या यादीत येत नाही. कंस रिकामा ठेवा आणि प्रायव्हेट काढा.

४. वर्डचा विश्वास

फाइल, ऑप्शन्स, ट्रस्ट सेंटर, ट्रस्ट सेंटर सेटिंग्ज, मॅक्रो सेटिंग्ज. इथे चार पर्याय असतात. सूचना न देता सगळे मॅक्रो बंद. सूचना देऊन बंद. सही असलेले सोडून बाकी बंद. आणि सगळे चालू.

कुणीतरी तुम्हाला चौथा पर्याय निवडायला सांगेल. निवडू नका. आपल्याकडे दिवसभर परक्या माणसांचे पेन ड्राइव्ह लागतात, मेलवरून फायली येतात. १९९५ चा कॉन्सेप्ट हा मॅक्रो व्हायरस पसरला तो ऑटोओपनच्याच जोरावर, आणि मार्च १९९९ मध्ये मेलिसा पसरला तो फाइल उघडताच चालणाऱ्या डॉक्युमेंट_ओपनच्या जोरावर. आपण सोयीसाठी वापरतो तेच दार त्यांनी वापरलं. ते सताड उघडं ठेवायचं नाही. दुसरा पर्याय, म्हणजे सूचना देऊन बंद, हाच ठेवा.

मग आपला मॅक्रो चालणार कसा? फाइल विश्वासाच्या जागी ठेवून. त्याच ट्रस्ट सेंटरमध्ये 'ट्रस्टेड लोकेशन्स' आहे. वर्डचा स्टार्टअप फोल्डर आणि टेम्प्लेट्सचा फोल्डर तिथे बहुतेक मशीनवर आधीच असतो. तुमचा वेगळा फोल्डर असेल तर तो जोडा, पण पूर्ण डेस्कटॉप किंवा डाउनलोड्स कधीही जोडू नका. नेमक्या तिथेच बाहेरच्या फायली येऊन पडतात.

आता २०२२ पासूनची गोष्ट. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फायलींमधले मॅक्रो मुळातच अडवायला सुरुवात केली. आधी वर पिवळी पट्टी यायची आणि एक बटण दाबलं की मॅक्रो सुरू व्हायचे. आता अशा फायलींवर लाल पट्टी येते आणि चालू करायचं बटणच नसतं. फाइल तुमची स्वतःची आहे, तुम्हीच मेलवर पाठवून दुसऱ्या मशीनवर उतरवली आहे, अशी खात्री असेल तरच पुढचं करा. वर्ड बंद करा, फायलीवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, आणि 'जनरल' या पानावर सगळ्यात खाली 'अनब्लॉक' अशी चौकट दिसेल. तिच्यात खूण करून ओके. झिपमध्ये आली असेल तर झिप उघडण्याआधीच झिपलाच अनब्लॉक करा, नाहीतर आतल्या प्रत्येक फायलीला हे वेगळं करत बसावं लागेल.

वर 'प्रोटेक्टेड व्ह्यू' असं दिसत असेल तर त्या अवस्थेत कोणताही मॅक्रो चालत नाही, मॅक्रोची चूक शोधू नका.

५. फाइल लोडच झाली नाही

आधी शेपूट बघा. साध्या डॉक्सएक्स फायलीत मॅक्रो साठवताच येत नाही. फाइल असेल तर डॉकएम हवी, टेम्प्लेट असेल तर डॉटएम. विंडोज शेवटची ही अक्षरं लपवतं, म्हणून फाइल एक्स्प्लोररच्या व्ह्यूमधून ती दिसू द्या. हाताने नाव बदलून शेपूट जोडू नका. वर्डमध्ये 'सेव्ह ॲज' करून प्रकार निवडा.

मग स्टार्टअप फोल्डर. फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड, आणि अगदी तळाशी 'फाइल लोकेशन्स' बटण. त्यात 'स्टार्टअप' या ओळीपुढे फोल्डरचा पत्ता असतो. साधारणपणे तो ॲपडेटामधल्या मायक्रोसॉफ्ट, वर्ड, स्टार्टअप असा असतो. विंडोजचाही स्टार्टअप नावाचा वेगळा फोल्डर आहे, त्यात फाइल ठेवली तर मशीन चालू होताच ती उघडत बसेल. इथे गल्लत होते.

फाइल योग्य फोल्डरमध्ये आहे, तरी मॅक्रो दिसत नाही? डेव्हलपर टॅब उघडा (तो नसेल तर ऑप्शन्समधल्या 'कस्टमाइझ रिबन' मधून चालू करा) आणि 'डॉक्युमेंट टेम्प्लेट' दाबा. खाली चालू टेम्प्लेट्सची यादी येते. तुमच्या फायलीच्या नावापुढे खूण हवी.

तिथेही नसेल तर ऑप्शन्स, ॲड-इन्स, आणि तळाच्या 'मॅनेज' मध्ये 'डिसेबल्ड आयटम्स' निवडून 'गो'. वर्ड अचानक बंद पडलं तर संशय असलेल्या फायलीला ते या यादीत टाकतं आणि नंतर उघडतच नाही. आपल्याकडे लाइट गेली, यूपीएसने दगा दिला, की हे घडू शकतं. नाव निवडून पुन्हा चालू करा.

टेम्प्लेट दुरुस्त करायला उघडताना त्याच्यावर डबल क्लिक करू नका. डबल क्लिक केलं की त्या टेम्प्लेटवरून नवीन कागद उघडतो, मूळ टेम्प्लेट नाही. तुम्ही त्या नवीन कागदात सुधारणा करता, आणि उद्या सगळं पहिल्यासारखं. उजवं क्लिक करून 'ओपन' करा.

६. एरर येते: ४२४८

ऑटोएक्झेकमध्ये बऱ्याचदा येणारी एरर ही. तिचा अर्थ, एकही कागद उघडा नाही म्हणून ही आज्ञा लागू नाही. ऑटोएक्झेक चालतो तेव्हा वर्ड स्वतः नुकतं जागं झालेलं असतं. तुम्ही एखाद्या फायलीवर डबल क्लिक करून वर्ड उघडलंत तरी आधी ऑटोएक्झेक चालतो, मग ती फाइल उघडते. त्यामुळे कोडमध्ये 'ॲक्टिव्हडॉक्युमेंट' म्हणून पुढे काही करायला सांगितलं, तर सांगायला कागदच नसतो. पायरी ३ मध्ये हाताने चालवलं तेव्हा मात्र समोर कागद उघडा असतो, म्हणून तेव्हा तो चालतो आणि आपण चक्रावतो.

उपाय दोन. एक, मॅक्रोला थोडं थांबवायचं. ऑटोएक्झेकमध्ये प्रत्यक्ष काम लिहायचं नाही, फक्त 'ॲप्लिकेशन डॉट ऑनटाइम' वापरून दोन सेकंदांनी दुसरा मॅक्रो चालवायला सांगायचं, आणि काम त्या दुसऱ्यात. त्या दुसऱ्याच्या सुरुवातीलाही 'डॉक्युमेंट्स डॉट काउंट' शून्य आहे का ते तपासून, असेल तर बाहेर पडायचं.

दुसरा उपाय मला जास्त पटतो. कागदाचा आकार, समास, फॉन्ट, ओळींमधलं अंतर यासाठी मॅक्रो लागतच नाही. हे सगळं टेम्प्लेटमध्येच साठवून ठेवा, त्यावरून नवीन कागद उघडला की आपोआप येतं. माझ्याकडे आता प्रत्येक दस्ताचं वेगळं टेम्प्लेट आहे, आणि ऑटोएक्झेक फक्त यादी दाखवतो. पूर्वीचा ऐंशी ओळींचा कोड पंधरावर आला आणि बिघडायच्या जागाही तेवढ्याच कमी झाल्या.

एरर येण्याऐवजी कोडची ओळच लाल दिसत असेल तर अवतरणचिन्हं बघा. व्हॉट्सॲपवर आलेला किंवा वर्डमधून कॉपी केलेला कोड असेल तर त्यात वळणदार अवतरणचिन्हं असतात. कोडला सरळ लागतात. ती हाताने पुन्हा टाइप करा.

७. मराठी मजकुराची प्रश्नचिन्हं

हे इंग्रजीत काम करणाऱ्यांना कधी कळत नाही, म्हणून त्यांच्या सूचनांमध्ये सापडतही नाही. ऑल्ट आणि एफ-११ दाबून मॅक्रो लिहायची जी खिडकी उघडते, तिला युनिकोड कळत नाही. तिथे तुम्ही 'प्रतिज्ञापत्र' असं देवनागरीत लिहिलंत की ओळीने प्रश्नचिन्हं उमटतात. विंडोजच्या भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी निवडून काही उपयोग होत नाही, कारण त्या जुन्या पद्धतीत देवनागरीसाठी जागाच ठेवलेली नाही. मॅक्रो चालतो, पण कागदावर प्रश्नचिन्हं येतात, आणि माणूस फॉन्ट बदलत बसतो.

एखादाच शब्द हवा असेल तर 'सीएचआरडब्ल्यू' आणि अक्षराचा क्रमांक असं लिहून जोडत जायचं. उदाहरणार्थ 'सांगली' या शब्दाचे क्रमांक ओळीने २३६०, २३६६, २३०६, २३२७, २३५४, २३६८. काना, अनुस्वार, वेलांटी यांना वेगळे क्रमांक असतात हे लक्षात घ्या. कोडमध्ये हे आकडे इंग्रजीच टाइप करा.

पण 'मी खाली सही करणार सत्यप्रतिज्ञेवर कथन करतो की' असा पूर्ण मजकूर असेल तर हे करू नका. तो मजकूर वर्डमध्ये टाइप करा, निवडा, ऑटोटेक्स्ट म्हणून त्याच टेम्प्लेटमध्ये साठवा आणि त्याला इंग्रजी अक्षरांत छोटं नाव द्या. मॅक्रोने फक्त त्या नावाने हाक मारायची. पुढे मजकूर बदलायचा झाला तरी कोडला हात लावावा लागत नाही.

८. उलट अडचण: नको तेव्हा चालतो, वर्ड उघडताच अडकतं

शिफ्ट दाबून ठेवून वर्ड किंवा फाइल उघडा, आपोआप चालणारे मॅक्रो थांबतात. तेवढ्याने भागलं नाही तर कंट्रोल दाबून ठेवून वर्ड उघडा. सेफ मोडमध्ये उघडायचं का असं विचारेल, हो म्हणा.

विंडोज आणि आर दाबून येणाऱ्या खिडकीत 'विनवर्ड', मग जागा सोडून '/एम' टाइप केलं तर ऑटोएक्झेक न चालता वर्ड उघडतं. '/एम' ऐवजी '/ए' दिलं तर नॉर्मल आणि स्टार्टअपमधली टेम्प्लेट्सही लोड होत नाहीत. '/ए' ने वर्ड सुरळीत उघडत असेल तर दोषी बहुतेक त्यांच्यातच आहे. वर्ड बंद करून स्टार्टअपमधल्या सगळ्या फायली दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा आणि एकेक परत आणत प्रत्येक वेळी वर्ड उघडून बघा. त्यातही सापडलं नाही तर नॉर्मलचं नाव बदला, वर्ड स्वतः नवीन कोरी नॉर्मल तयार करतं. जुनी पुसू नका, तिच्यात तुमचे मॅक्रो आणि ऑटोटेक्स्ट आहेत.

आणि यादीत तुम्ही कधीच न लिहिलेला ऑटोओपन किंवा डॉक्युमेंट_ओपन सापडला, तर 'काय करतो बघू' म्हणून चालवू नका. आधी अँटिव्हायरसने पूर्ण मशीन तपासा, आणि ती फाइल ज्यांच्याकडून आली त्यांनाही फोन करून कळवा.

९. मॅक्रोला कायमचं घर

नॉर्मलमध्ये मॅक्रो लिहायची सवय सोडा. नॉर्मल बिघडते, बदलली जाते, नव्या मशीनवर कोरी येते. आपले मॅक्रो वेगळ्या डॉटएम टेम्प्लेटमध्ये घ्या, त्याला दुकानाचं नाव द्या आणि ती एक फाइल स्टार्टअप फोल्डरमध्ये ठेवा. दुसऱ्या मशीनवर न्यायची तर तेवढी एक फाइल न्यायची. दर शनिवारी दुकान बंद करताना मी टेम्प्लेट्स आणि स्टार्टअप हे दोन्ही फोल्डर पेन ड्राइव्हवर घेते, आणि तो पेन ड्राइव्ह घरी नेते. नदीकाठच्या गावात बॅकअप दुकानातच ठेवून भागत नाही.

कुणाकडे लिबरऑफिस असेल तर तिथली रीत वेगळी आहे. टूल्स, कस्टमाइझ, इव्हेंट्स इथे जाऊन 'स्टार्ट ॲप्लिकेशन' किंवा 'ओपन डॉक्युमेंट' या प्रसंगाला मॅक्रो जोडावा लागतो. वर्डच्या स्टार्टअप फोल्डरकडे ते बघत नाही.

सगळं बसवून झालं की चार वेळा तपासा: नुसतं वर्ड उघडून, एखाद्या जुन्या फायलीवर डबल क्लिक करून, टेम्प्लेटवरून नवीन कागद घेऊन, आणि मशीन बंद-चालू केल्यावर. पहिल्या दोन्हींत मॅक्रो वेगवेगळ्या क्षणी चालतो, त्यामुळे एकात चाललं म्हणून दुसऱ्यात चालेलच असं धरू नका.